बापू नाडकर्णी : सलग २१ निर्धाव षटकांच्या पलीकडचा अष्टपैलू

टी-ट्वेंटी सामन्यात एका संघाला पूर्ण डावात १२० चेंडू मिळतात. आता कल्पना करा, एकाच गोलंदाजाने सलग १३१ चेंडू टाकले आणि समोरच्या संघाला त्यावर एकही धाव काढता आली नाही. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत हे खरोखर घडलं. गोलंदाज होते नाशिकचे बापू नाडकर्णी.

या एका विक्रमामुळे बापूंचं नाव आजही घेतलं जातं. पण त्याच विक्रमामुळे त्यांची बाकीची कारकीर्द झाकली गेली. कसोटीत शतक, एकाच सामन्यात ११ बळी, रणजीत नाबाद २८३ आणि परदेशातल्या भारताच्या पहिल्या मालिका विजयात एका डावात ६ बळी, हे सगळं याच माणसाच्या नावावर आहे. 'धावा न देणारा गोलंदाज' एवढीच त्यांची ओळख सांगितली तर अर्धी गोष्टसुद्धा होत नाही.

शेजारच्या जिल्ह्यातला खेळाडू

पूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. जन्म ४ एप्रिल १९३३, नाशिक. सगळे त्यांना बापू म्हणत आणि धावफलकावरही पुढे तेच नाव रूढ झालं.

नाशिक म्हणजे धुळे-जळगावकरांना लांबचं गाव नाही. क्रिकेटच्या नकाशावर तर हे जिल्हे एकाच घरातले. मुंबई परिसराचा रणजी संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा; नाशिक, धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे जिल्हे महाराष्ट्र संघाच्या हद्दीत येतात. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरला गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो आणि तिथून विदर्भाची हद्द सुरू होते. म्हणजे शिरपूर किंवा चाळीसगावचा मुलगा आज ज्या संघासाठी धडपडतो, त्याच महाराष्ट्र संघाकडून बापूंनीही सुरुवात केली होती.

पुणे, रणजी आणि मग मुंबई

विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेत १९५०-५१ साली पुणे विद्यापीठाकडून खेळताना बापूंकडे लोकांचं लक्ष गेलं. पुढच्याच हंगामात ते महाराष्ट्राच्या रणजी संघात आले. प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक त्यांनी मारलं ते मुंबईविरुद्ध, मुंबईच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर. त्या काळात मुंबईचा संघ म्हणजे देशातली सगळ्यात अवघड परीक्षा.

बापू डाव्या हाताने गोलंदाजी करायचे आणि फलंदाजीही डाव्या हातानेच. गोलंदाजी फिरकीची. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला त्यांचा चेंडू टप्पा पडल्यावर बाहेर निघून जायचा. चेंडू हातभर वळतोय असा प्रकार नव्हता. टप्पा आणि दिशा मात्र चुकायची नाही.

महाराष्ट्राकडून ते १९५९-६० पर्यंत खेळले. सौराष्ट्राविरुद्ध १९५७-५८ च्या हंगामात त्यांनी १७ धावांत ६ बळी घेतले. प्रथम श्रेणीतली ती त्यांची एका डावातली सर्वोत्तम कामगिरी ठरली. १९६०-६१ पासून ते मुंबईकडून खेळू लागले आणि पहिल्याच हंगामात रणजीच्या उपांत्य सामन्यात दिल्लीविरुद्ध नाबाद २८३ धावा काढल्या. मुंबईने तेव्हा १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग १५ वर्षं रणजी करंडक जिंकला. बापूंची मुंबईकडची सगळी वर्षं त्याच काळातली.

पहिली कसोटी : ५७ षटकं, बळी एकही नाही

डिसेंबर १९५५. न्यूझीलंडचा संघ भारतात आला होता. विनू मंकड यांना एका कसोटीसाठी विश्रांती दिली आणि दिल्लीत त्यांच्या जागी २२ वर्षांच्या बापूंना संधी मिळाली.

खेळपट्टी अगदी पाटा. न्यूझीलंडच्या बर्ट सटक्लिफने नाबाद २३० धावा काढल्या. दोन्ही डाव मिळून न्यूझीलंडचे फक्त ३ फलंदाज बाद झाले. बापूंनी सामन्यात ५७ षटकं टाकली, हाती काही लागलं नाही. फलंदाजीत मात्र त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या.

पहिल्या कसोटीत नाबाद ६८ म्हणजे वाईट नाही. पण मंकड परतले आणि बापूंची जागा गेली. त्याच मालिकेत मद्रासला मंकड आणि पंकज रॉय यांनी सलामीला ४१३ धावांची भागीदारी केली आणि त्यात मंकड यांनी २३१ धावा काढल्या. मंकडसुद्धा डावखुरे फिरकी गोलंदाज आणि फलंदाज, म्हणजे बापूंसारखेच अष्टपैलू. एवढ्या मोठ्या माणसाशी जागेसाठी स्पर्धा होती.

त्यामुळे बापूंना संघात टिकायला असं काहीतरी हवं होतं, जे कर्णधाराला कुठल्याही दिवशी, कुठल्याही खेळपट्टीवर हमखास मिळेल. ते त्यांनी सरावातून मिळवलं.

टप्प्यावर नाणं ठेवून सराव

बापूंच्या सरावाची पद्धत क्रिकेटच्या जगात प्रसिद्ध आहे. नेटमध्ये चेंडूचा टप्पा जिथे पडायला हवा तिथे ते एक नाणं ठेवायचे आणि त्या नाण्यावर चेंडू पाडायचा सराव करायचे. पुन्हा पुन्हा, तोच टप्पा.

याचा फायदा काय? फलंदाजाला धावा कधी मिळतात, तर चेंडू आखूड पडला की मागे सरकून, नाहीतर फार पुढे पडला की पाय टाकून. मधल्या टप्प्यावर, यष्टींच्या रेषेत पडलेला चेंडू नुसता अडवावा लागतो. सहापैकी सहा चेंडू तिथेच पडले तर षटक कोरं जातं. यालाच निर्धाव षटक किंवा मेडन म्हणतात.

१९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत याचा पहिला मोठा नमुना दिसला. कानपूरला त्यांनी ३२ षटकं टाकली, त्यातली २४ निर्धाव, धावा दिल्या २३. दिल्लीला ३४ षटकं, २४ निर्धाव, धावा २४ आणि १ बळी. पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. दोन्ही संघ हरायला घाबरत होते, अशी टीका त्या मालिकेवर झाली. बापूंच्या गोलंदाजीकडेही काही जण त्याच नजरेने बघायचे. धावा रोखतो हे खरं, पण सामना जिंकून देतो का, हा प्रश्न त्यांच्या मागे कायम राहिला.

मद्रास, जानेवारी १९६४

इंग्लंडचा संघ पाच कसोटींसाठी आला होता. पहिली कसोटी मद्रासला. भारताचे कर्णधार मन्सूर अली खान पतौडी. भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडला. त्यात यष्टिरक्षक बुधी कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८ धावा होत्या.

तिसऱ्या दिवशी इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळपट्टीवर उभे राहिले. दोघंही चिवट. बाद व्हायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं. समोर बापू. एक षटक निर्धाव, दुसरं निर्धाव, दहावं निर्धाव. अशी सलग २१ षटकं कोरी गेली. त्याला लागून आलेले सुटे चेंडू धरले तर १३१ चेंडूंत एकही धाव नाही.

डाव संपला तेव्हा बापूंच्या नावापुढे हे आकडे होते : ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी.

कसोटीत सलग सर्वाधिक निर्धाव षटकांचा हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. षटकांऐवजी चेंडू मोजले तर दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड पुढे आहेत. त्यांनी १९५६-५७ मध्ये डर्बनला इंग्लंडविरुद्ध १३७ चेंडूंत धाव दिली नव्हती. तेव्हा तिकडे आठ चेंडूंचं षटक असायचं, म्हणून षटकांची संख्या कमी भरते.

त्या डावात बापूंना बळी मिळाला नाही हे खरं. पण एका टोकाकडून धावाच निघत नसतील तर फलंदाज दुसऱ्या टोकाकडे वळतो आणि तिथे धोका पत्करतो. त्याच डावात दुसऱ्या बाजूने लेगस्पिनर चंदू बोर्डे यांनी ५ बळी घेतले. इंग्लंड ३१७ वर आटोपलं. धावफलकावर बळी बोर्डे यांच्या नावावर गेले, दाब मात्र दोघांचा होता. सामना शेवटी अनिर्णित राहिला.

त्याच मालिकेतलं कानपूर, जे कोणी सांगत नाही

मद्रासचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. महिन्याभराने कानपूरला काय झालं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मालिकेतली ती शेवटची कसोटी. इंग्लंडने ८ बाद ५५९ धावांवर डाव सोडला. भारत २६६ वर सर्वबाद. बापू एका बाजूला नाबाद ५२ वर उभे राहिले आणि दुसरीकडून साथ संपली. २९३ धावांची पिछाडी होती, म्हणून भारताला फॉलोऑन मिळाला. म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी. सामना हातातून चाललेला.

दुसऱ्या डावात बापूंना वर पाठवलं गेलं. ते पुन्हा बाद झालेच नाहीत. नाबाद १२२. दिलीप सरदेसाई यांनी ८७ आणि सलीम दुराणी यांनी नाबाद ६१ धावा काढल्या. भारत ३ बाद ३४७ पर्यंत गेला आणि सामना वाचला. दोन डावांत मिळून बापूंच्या १७४ धावा आणि इंग्लंडला त्यांना एकदाही बाद करता आलं नाही. कसोटीतलं त्यांचं हे एकमेव शतक.

पाचही सामने अनिर्णित राहिल्यामुळे मालिका ०-० अशी संपली. त्यामुळे कानपूर हळूहळू विसरलं गेलं आणि २१ षटकं तेवढी लक्षात राहिली.

११ बळी घेतले, तरी सामना गेला

ऑक्टोबर १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा मद्रासच. या वेळी बापूंनी बळींचाही सपाटा लावला. पहिल्या डावात ३१ धावांत ५ बळी. ऑस्ट्रेलिया २११ वर सर्वबाद. पतौडी यांच्या नाबाद १२८ धावांमुळे भारताला ६५ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात बापूंनी ९१ धावांत ६ बळी घेतले. सामन्यात १२२ धावांत ११ बळी.

तरीही भारत १३९ धावांनी हरला. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने ३९७ पर्यंत मजल मारली आणि शेवटच्या डावात हनुमंत सिंग यांच्या ९४ धावांशिवाय भारताकडून फारसं काही झालं नाही. पुढच्या मुंबई कसोटीत भारताने २ बळी राखून विजय मिळवला आणि मालिका १-१ अशी सुटली.

बापू फक्त धावा रोखतात, बळी घेत नाहीत, या टीकेला मद्रासचे ११ बळी हे उत्तर होतं. सामना हरल्यामुळे ते पुरेसं ऐकलं गेलं नाही.

जागा गेली, पण शेवट जिंकून केला

१९६६ च्या अखेरीस बिशनसिंग बेदी नावाचा तरुण डावखुरा फिरकी गोलंदाज कसोटी संघात आला. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला फसवणारा. पहिल्या कसोटीनंतर मंकड यांच्यामुळे बापूंना बाहेर बसावं लागलं होतं, आता नवीन पोरामुळे तीच वेळ आली. १९६७ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी बापूंची निवड झाली नाही.

पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा खेळाडू अशा वेळी बहुधा थांबतो. बापूंना १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दौऱ्यासाठी परत बोलावलं गेलं आणि ते गेले.

न्यूझीलंडमध्ये इतिहास घडला. भारताने ड्युनेडिनची कसोटी जिंकली, परदेशातला तो भारताचा पहिला कसोटी विजय. ख्राइस्टचर्चला हार झाली. १-१ अशी बरोबरी असताना वेलिंग्टनला तिसरी कसोटी झाली. अजित वाडेकर यांनी १४३ धावा काढल्या. न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात बापूंनी ४३ धावांत ६ बळी घेतले, कसोटीच्या एका डावातली त्यांची ही सर्वोत्तम कामगिरी. न्यूझीलंड १९९ वर आटोपलं आणि भारत ८ गडी राखून जिंकला. ऑकलंडची शेवटची कसोटी २७२ धावांनी जिंकून भारताने मालिका ३-१ ने घेतली.

परदेशात जिंकलेली ती भारताची पहिली मालिका. ऑकलंडची कसोटी बापूंची शेवटची ठरली. ज्या बेदींमुळे त्यांची जागा गेली होती, ते आणि बापू त्या दौऱ्यात एकाच संघात होते.

खेळ संपल्यावर

निवृत्तीनंतरही बापू क्रिकेट सोडून गेले नाहीत. मुंबई आणि भारतीय क्रिकेट मंडळाच्या कामकाजात ते राहिले, राष्ट्रीय निवड समितीवर काम केलं आणि भारतीय संघाच्या दौऱ्यांवर सहाय्यक व्यवस्थापक म्हणून गेले. 'छोडो मत' हे त्यांचं खेळाडूंना नेहमीचं सांगणं होतं, अशी आठवण सुनील गावसकर यांनी सांगितली आहे. हार मानू नका, टिकून राहा, असा त्याचा अर्थ.

तेव्हाचं क्रिकेट आजच्यासारखं श्रीमंत नव्हतं. आयपीएलचा लिलाव नव्हता. खेळाडू नोकरी सांभाळून खेळायचे. फलंदाजाजवळ उभं राहून क्षेत्ररक्षण करताना डोक्यावर हेल्मेट नसायचं आणि बापू त्या जवळच्या जागांवर न घाबरता उभे राहणाऱ्यांपैकी एक होते. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने १९७१ मध्ये सुरू झाले, तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. षटकामागे दोनपेक्षा कमी धावा देणाऱ्या या गोलंदाजाला मर्यादित षटकांचा आंतरराष्ट्रीय सामना कधी मिळालाच नाही.

१७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ८६ वर्षं.

आपल्या भागातल्या पोरांसाठी कामाच्या गोष्टी

आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. बक्षिसं, वाहवा बहुतेक षटकार मारणाऱ्याला मिळते. बापूंच्या कारकिर्दीतून गोलंदाजांनी आणि पालकांनी घेण्यासारखं बरंच आहे.

- सरावाला खर्च लागत नाही. एक चेंडू, एक यष्टी आणि टप्प्याच्या जागी नाणं, खडूची खूण किंवा कागदाचा तुकडा. रोज ठरावीक चेंडू टाका आणि किती खुणेवर पडले ते वहीत लिहा. आकडा वाढतोय का, ते महिन्याने बघा.

- कोऱ्या चेंडूचं मोल ओळखा. टी-ट्वेंटीत गोलंदाजाला ४ षटकं म्हणजे २४ चेंडू मिळतात. त्यातले १० चेंडू जरी कोरे गेले तरी समोरच्या संघाचं गणित बिघडतं आणि बळी दुसऱ्या टोकाला पडतात.

- दुसरं कौशल्य सोडू नका. पहिल्या कसोटीत बापूंना बळी नव्हता, पण नाबाद ६८ होत्या. कानपूरचा सामना वाचला तो बॅटने. एक बाजू चालली नाही तर दुसरी हाताशी असते, अष्टपैलू खेळाडूचा खरा फायदा तोच.

- लेदर बॉलकडे वेळेत वळा. निवड चाचण्या लेदर बॉलवर होतात. टेनिस बॉल हलका असतो आणि जास्त उसळतो, त्यामुळे त्यावर बसलेला टप्पा लेदर बॉलवर बदलावा लागतो. हे उशिरा लक्षात आलं तर सवय मोडायला फार वेळ जातो.

- वाट जिल्ह्यातून जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या खेळाडूंसाठी रस्ता जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनपर्यंत जातो. देशपातळीवर १६ वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील मुलांसाठी कूचबिहार करंडक, २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी कर्नल सी. के. नायडू करंडक आणि त्यानंतर रणजी करंडक अशा पायऱ्या आहेत.

- वयाची कागदपत्रं खरी ठेवा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरची जन्मतारीख एकच असायला हवी. लहान वयोगटात हाडांच्या तपासणीनेही वय पाहिलं जातं. वय लपवल्याचं उघड झालं तर खेळाडूवर बंदी येते.

कारकीर्द एका नजरेत

- पूर्ण नाव : रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी
- जन्म : ४ एप्रिल १९३३, नाशिक
- निधन : १७ जानेवारी २०२०, मुंबई
- शैली : डावखुरे फलंदाज, डावखुरे फिरकी गोलंदाज
- रणजी संघ : महाराष्ट्र (१९५१-५२ ते १९५९-६०), मुंबई (१९६०-६१ ते १९६७-६८)
- पहिली कसोटी : न्यूझीलंडविरुद्ध, दिल्ली, डिसेंबर १९५५
- शेवटची कसोटी : न्यूझीलंडविरुद्ध, ऑकलंड, मार्च १९६८
- कसोटी सामने : ४१
- कसोटी धावा : १,४१४, सरासरी २५.७०, सर्वोच्च नाबाद १२२, शतक १, अर्धशतकं ७
- कसोटी बळी : ८८, सरासरी २९.०७, डावात सर्वोत्तम ४३ धावांत ६
- कसोटीत टाकलेले चेंडू : ९,१६५, षटकामागे दिलेल्या धावा १.६७
- कसोटी झेल : २२
- प्रथम श्रेणी सामने : १९१
- प्रथम श्रेणी धावा : ८,८८०, सरासरी ४०.३६, शतकं १४, सर्वोच्च नाबाद २८३
- प्रथम श्रेणी बळी : ५००, सरासरी २१.३७, डावात सर्वोत्तम १७ धावांत ६